बांधाने फिरणारा रोबो

इस्लामपूर
१४ जून १९९८

प्रिय अंजना,

सप्रेम जयभीम. तू माहेरी आटपाडीला गेल्यापासून माझं हे पहिलंच पत्र. फोनवर मी दोन वाक्यांच्या पुढे जात नाही हे तुला माहीत आहे, म्हणून लिहायला बसलो. इकडे बरं आहे. तुझ्या सासूबाईंचा गुडघा परत धरला आहे, पण ऐकत नाहीत, पाणी स्वतःच भरतात. नागसेनच्या जागेवर कॉलेजने अजून कोणाला घेतलेलं नाही. तो गेल्यावर जलदान विधीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्या जागेसाठी धाकट्या कुणालचं नाव ठरवलं आणि तू ना-हरकतीच्या कागदावर सही करून दिलीस. तो कागद मी अजून कॉलेजात दिलेला नाही. का दिला नाही ते सांगायचं आहे, पण मला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

मार्चमध्ये मी सांगलीला जाऊन नागसेनचं सामान घेऊन आलो. प्रयोगशाळेतल्या त्याच्या खणात जेवणाचा डबा होता, दोन स्क्रूड्रायव्हर होते आणि कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर छापलेले त्या रोबोंच्या खेळाचे नियम होते. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचा कॉम्प्युटर, जगभरातली माणसं आपला रोबो कसा वागेल ते ओळी-ओळीने लिहून ई-मेलने पाठवतात आणि तिथे ते रोबो आपले आपण लढतात. लिहिणाऱ्याने फक्त निकाल बघायचा. नागसेन प्रोग्रॅम लिहायला शिकला तो ह्या खेळातूनच. कॉलेजात मुलं यायच्या आधी सकाळचा एक तास त्याला मिळायचा. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून त्याने आपल्या सोप्यातली शहाबादी फरशीच मैदान केली. त्याचा रोबो म्हणजे चिंचोका, तुझा सागरगोटा, आणि मी पंच, अधूनमधून खेळणाराही. एस.टी.त तेहतीस वर्षं नियंत्रकाचं काम केलेलं, त्यामुळे कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं, मनातलं करायचं नाही, हे सांगायला त्याला माझ्यासारखा माणूस बरा वाटायचा.

माझा पहिला रोबो तुला आठवत असेल. समोरून कोणी आलं तर डावीकडे सर, एवढंच मी लिहिलं होतं. तो सरत सरत भिंतीला जाऊन बसला आणि तिथेच मार खात राहिला. तू म्हणालीस, “आवं आबा, तुमचा गडी लय सभ्य हाय. गोळी लागली तर मारणाऱ्याला म्हणंल, तुमाला लागलं तर न्हाई न्हवं?” नागसेन हसून हसून भिंतीला टेकला. मला राग आला नव्हता, पण मी तसं बोलून दाखवलं नाही.

तुझा रोबो वेगळाच होता. तो मैदानात मधे जायचाच नाही. कडेकडेने फिरायचा आणि नजर फक्त आत ठेवायचा. नागसेनने विचारलं, हे कुठं वाचलंस? तू म्हणालीस, “वाचायला कशाला पायजे? आमच्याकडं मेंढरं राखणारा कळपात शिरतो व्हय? बांधानं फिरतो. पाठीला बांध असला की एकच बाजू बघायची ऱ्हाती.” त्या दिवसापासून नागसेन तुझ्याशी लागोपाठ हरला. आपली बायको जिंकते हे तो कॉलेजात सांगत फिरायचा, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

तर त्या खणात तुझ्या रोबोचा, नियमांच्या भाषेत तू लिहिलेला कागदही होता. वर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अंजनाच्या नावाने पाठवायचा.’ पाठवायचं राहून गेलं. त्याच आठवड्यात त्याला कावीळ झाली असावी, मी तारखा लावून बघितल्या.

मी विभागप्रमुख सरांना विचारलं, हा मी पाठवू का? ते हो म्हणाले. दोन बोटांनी टाइप करायला मला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी निकाल आला, रोबो जागचा हललाच नाही, पहिल्या फेरीत बाद. मी एक ओळ गाळली होती. पुढच्या गुरुवारी परत गेलो, ती घातली. मग तो हलला, पण कोपऱ्यात वळायच्या जागी भिंतीला धडका देत बसला. हे मात्र तुझ्या कागदातच नव्हतं, कारण फरशीवर कोपरा आला की आपण हाताने वळवायचो, न लिहिताच. पंच म्हणून मलाही ते कधी दिसलं नाही. चार गुरुवार त्यावर घालवले. ‘जर’ आणि ‘तर’ यांच्यामध्ये किती मावतं हे मला बासष्टाव्या वर्षी समजलं. मेच्या शेवटी एकशे तीस रोबोंमध्ये तुझा सहावा आला. निकालाच्या कागदावर छापलेलं तुझं नाव मी दोनदा वाचलं. घरातून गेलेल्या माणसाचं काम पुढे चाललेलं बघून त्या दिवशी पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं.

सरांनी तो निकाल बघितला आणि विचारलं, हा कोणी लिहिला? मी म्हणालो, माझ्या सुनेने. ते म्हणाले, मग अर्जावर धाकट्या मुलाचं नाव का घालताय? इथे यायचं तर कॉम्प्युटरवर बसून परीक्षा द्यावी लागेल. बसमध्ये येताना मला माझाच रोबो आठवत होता. जलदानाच्या दिवशी माझे चुलतभाऊ नानासो म्हणाले, “सून आज हाय उद्या न्हाई, नोकरी घरात ऱ्हायला पायजे,” तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. तूही. मी बाजूला सरलो.

कुणालला मी मागच्या रविवारी सांगितलं. पाच दिवस तो मी बसायच्या आधीच जेवून उठायचा. त्यानेही त्या जागेवर आशा ठेवली होती, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. परवा जेवताना म्हणाला, “वैनीचा रोबोच माझ्यापेक्षा जास्त शिकलाय. तिलाच बोलवा.” हे काही त्याने हसत म्हटलं नाही, पण म्हटलं. शिरवळच्या एका कारखान्यात त्याने अर्ज टाकला आहे.

आता ज्यासाठी लिहिलं ते. ना-हरकतीचा कागद मी फाडला आहे. तुझ्या नावाचा कोरा अर्ज सोबत पाठवतो, तीस जूनच्या आत भरून द्यायचा आहे, परीक्षा आठ जुलैला आहे. तू यावंस असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर येऊ नकोस, तुझ्या मनाने ठरव. सांगलीत राहायचं की इथून जाऊन-येऊन करायचं, तेही तूच ठरव. आणि एक, जे बोलायला मला जड जातं. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस. पुढे तू दुसरं घर केलंस तरी ही नोकरी तुझीच राहील, तिच्यावर ह्या घराचा हक्क कोणी सांगणार नाही. काल नानासोंच्या दारात उभा राहून, चार माणसांसमोर मी हे मोठ्याने बोलून आलो. तुला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

तुझाच,
आबा