यंत्राला न दिसलेलं नाव

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हल्ली तुझं बोलणं मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून कागद घेतला. तुझ्या बायोडाटाची वर्ड फाइल शेजारच्या नर्सबाईंच्या कॉम्प्युटरवर उघडली. बाई म्हणाल्या, तुमच्या नातीचा अनुभव घसरून दुसऱ्या पानावर पडलाय. तसंच होतं. 'डोळे तपासण्याचा सहा' एवढं पहिल्या पानाच्या तळाला, आणि 'वर्षांचा अनुभव' पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटाच. तुझ्याकडे नीट दिसतं म्हणतेस, ते खरंच असेल. पण रिक्रूटर काही तुझ्या खोलीत बसून वाचत नाही.

छापखान्यात एकतीस वर्षं मी खिळे जुळवले. जुळवलेला मजकूर दोरीने आवळला नाही तर उचलताना सगळा हातात सुटून येतो. तुझी वर्ड फाइल तशी न आवळलेली आहे. पीडीएफ केली की अक्षर जागचं हलत नाही, असं बाई सांगतात. तेव्हा पीडीएफच पाठव. सोबतच्या कागदावर बोरूने तुझं नाव लिहिलं आहे, ते माथ्यावर लाव. शाळेत आमचे मास्तर नवी कविता आधी फळ्यावर वळणदार अक्षरात लिहीत आणि मगच म्हणायला लावत. निम्मी कविता डोळ्यांनीच पाठ व्हायची. अजूनही मला कवितेच्या आधी त्यांचं अक्षर आठवतं.

तू कामाला होतीस ते चष्म्याचं दुकान बंद पडून चार महिने झाले. मी फाटकापर्यंत दहा वेळा जातो, पोस्टमन एकदाच येतो. मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
आजोबा

दि. ९ फेब्रुवारी

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं अक्षर पाहून क्षणभर वाटलं, या नावाची बाई नक्की माझ्यापेक्षा हुशार असणार. बायोडाटा छापून घेतला, वर तुमचा कागद चिकटवला, कोपऱ्यावरच्या दुकानात स्कॅन करून त्याचीच पीडीएफ केली. दुकानदाराने विचारलं, लग्नपत्रिका का? मी म्हटलं, त्याहून अवघड काम आहे.

अकरा रिक्रूटरना पाठवली. आज तिसरा दिवस. मेल उघडते, बंद करते, चहा ठेवते, तो उतू जाईपर्यंत पुन्हा उघडते. भिंगांची पेटी रोज पुसून ठेवते. कुणाचे डोळे तपासायचे नाहीत तरी हाताला सवय आहे. महिनाअखेरपर्यंत काही झालं नाही तर ही खोली सोडून तुमच्याकडे यायचं ठरवलंय. मग कायमचंच, कारण तुमच्या गावात चष्म्याचं एकच दुकान आणि त्याच्या मालकाला तीन मुलगे.

औषध घेता ना? नर्सबाईंना विचारीन हं. आशीर्वाद असू द्या, सध्या त्याचाच तेवढा भरवसा.

तुमची,
ठमी

दि. १३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मधली खोली आवरायला घेतली. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलवले, खिडकीची कडी बदलून घेतली. टेबल उजेडाकडे सरकवलं, मग वाटलं ऊन डोळ्यांवर येईल, म्हणून परत भिंतीशी आणलं. नर्सबाई म्हणाल्या, अहो, पोरीला नोकरी लागू दे म्हणता आणि खोली कसली सजवताय? मी म्हटलं, धूळ झाली होती.

अकरांपैकी एकाचंही उत्तर कसं नाही? पान तर देखणं होतं. खुशाली कळव, दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

तुझा,
आजोबा

दि. २० फेब्रुवारी

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

काल एका रिक्रूटर बाईंचा फोन आला, मेलखाली माझा नंबर होता म्हणून. म्हणाल्या, तुमचा अर्ज कोरा का आलाय?

आधी मला कळेचना. मग त्यांनी समजावलं. अर्ज पहिल्यांदा माणूस वाचतच नाही, यंत्र वाचतं, आणि स्कॅन केलेलं पान त्याला नुसता फोटो वाटतो. त्यात एकही अक्षर सापडलं नाही, म्हणून नाव नाही, अनुभव नाही, काही नाही. अकराही ठिकाणी मी कोरा कागद पाठवलाय, आजोबा. सहा वर्षं लोकांना खालची ओळ वाचा, खालची ओळ वाचा म्हणत बसले, आणि माझी पहिलीच ओळ कुणाला दिसली नाही.

त्यांनी एक साधी खूण सांगितली. फाइल उघडून मजकुरावरून माऊस ओढायचा. अक्षरं निळी झाली तर यंत्राला वाचता येतात. मी तुमच्या अक्षरावरून ओढला. काहीच निळं झालं नाही.

आता नवी फाइल केली. चौकटी नाहीत, दोन रकाने नाहीत, सरळ एकाखाली एक ओळी. स्कॅन न करता थेट वर्डमधूनच पीडीएफ केली, म्हणजे मजकूर हलत नाही आणि यंत्राला दिसतोही. या बाईंना मात्र वर्डच हवी. त्या माझा फोन नंबर काढून आपल्या कंपनीचा घालतात आणि मग पुढे पाठवतात. म्हणून ओळी तोकड्या ठेवल्या, तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवर उघडून पाहिल्या. त्यांच्याकडे एका डोळ्यांच्या हॉस्पिटलची जागा आहे, तिथे वर्ड गेली. बाकी दहांना पीडीएफ.

तुमचं अक्षर काढावं लागलं. काढताना हात अडला. रागावणार नाही ना, तेवढं लिहा.

तुमची,
ठमी

दि. ८ मार्च

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्राला उत्तर नाही. नर्सबाईंना फोन केला तर म्हणाल्या, प्रकृती ठणठणीत आहे, फक्त बोलत नाहीत. म्हणजे रागावलात.

हॉस्पिटलची मुलाखत झाली. त्यांनी मला घेतलंय. लहान मुलांचे डोळे तपासायचे, शाळाशाळांतून फिरायचं. मला हवं होतं तसंच काम, पण हॉस्पिटल फार लांब आहे. इथून तुमचं पत्र चार दिवसांत येतं, तिथून नऊ लागतील. यायचं तर वर्षातून एकदाच जमेल. तेराव्या तारखेला दुपारपर्यंत होय की नाही कळवायचंय.

खोली आवरल्याचं तुम्ही लिहिलं होतं. म्हणून विचारते, जाऊ ना?

तुमची,
ठमी

दि. १२ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज अकरा वाजता आलं. हे उत्तर टपालाने गेलं तर तुला सोळाला मिळेल, म्हणून तसाच चपला घालून नर्सबाईंकडे गेलो. तिथे काय केलं ते तुला एव्हाना कळलंच असेल. तरी हे लिहितो, कारण एक गोष्ट त्यात मावली नाही.

मी रागावलो नव्हतो. अर्ज कोरा गेल्याचं वाचलं, तेव्हा तुझ्या नुकसानीचं वाईट मला नंतर वाटलं. आधी वाटलं, आता ठमी घरी येणार. एवढंच वाटलं, आणि फार बरं वाटलं. मग माझीच मला लाज वाटली. असल्या मनाने तुला काय उत्तर लिहायचं? तीन कागद घेतले, तिन्ही फाडले. अक्षर काढलंस ते योग्यच केलंस. ते मी तुझ्यासाठी लिहिलं होतं की तू माझी राहावीस म्हणून, हे मलाच नीट सांगता येत नाही.

नर्सबाईंनी मेल उघडून दिला आणि विचारलं, मजकूर सांगा, मी टाइप करते; कुठली फाइल जोडायची का? मी म्हटलं, फाइल नको, एकच शब्द आहे, तो माझा मी टाइप करतो. त्या चहा करायला आत गेल्या, चहा झाला, माझा निवला, त्यांनी दुसरा केला.

'जा' एवढं टाइप करायला मला पाऊण तास लागला.

नऊ दिवसांनी का होईना, लिहीत राहा.

तुझा,
आजोबा