खिडकी बंद ठेवावी

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि नोकरी सुटल्याची बातमी, एवढं सगळं घेऊन आत्याकडे राहायला आले. आला का माझा दगड, म्हणून तिने पलंगावरूनच स्वागत केलं. आत्याने अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं, बुडाली ती फक्त तिची सख्खी भाची. तेव्हापासून मी दगड. आता तिची फुप्फुसं थकलीत, दर दोन वाक्यांनी थांबावं लागतं. जिभेची धार मात्र तशीच. गळ्यात अजून तलावावरची शिट्टी आहे. काही हवं असलं की तिने ती फुंकायची आणि मी धावत जायचं, असं ठरलं. तिची खोली मागच्या बाजूला, घरातली सगळ्यांत गार. माझी वरची, पिवळ्या पडद्यांची. मला फार आवडली. दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, आईला माझ्यावर सोपवून संध्याकाळी निर्धास्त परत गेला.

९ नोव्हेंबर
दादाने आत्याला विरंगुळा म्हणून एनोकी नावाच्या जपानी मशरूमचं किट पाठवलंय. भुशाने भरलेल्या तीन बाटल्या, वर पांढरी बुरशी. माझ्याआधी हेच नासलेलं दिसतंय, असं आत्याचं मत पडलं. मी पुस्तिका वाचून काढली. यांना गारवा आणि अंधार लागतो. बाटलीच्या तोंडाला कागदाची कॉलर गुंडाळायची आणि खिडकी बंद ठेवायची. ताजी हवा जितकी कमी, माणसाने सोडलेला श्वास जितका जास्त, तितके देठ हवा शोधत लांब होतात. घरात अशी गार खोली एकच. आत्याच्या उशाशी, फळीवर बाटल्या मांडल्या. तिची हरकत नव्हती, खिडकी मात्र वीतभर उघडी ठेवायला लावली. वर मला बजावलं, की नुसतं पाणी घालून काही उगवत नसतं, जीव लावावा लागतो.

२१ नोव्हेंबर
कोंब आले! टाचणीच्या डोक्याएवढे. फोटो मशरूमवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथल्या एका बाईने लिहिलं, देठ बुटके राहणार, हवा लागतेय. म्हणून आज खिडकी लावून घेतली. आत्या कुरकुरली. थोडे दिवस कळ काढ म्हटलं. नोकरी गेल्यापासून माझ्या हातून एक गोष्ट धड झालेली नाही. ही तरी होऊ दे.

२७ नोव्हेंबर
काय वाढलेत! पांढरेशुभ्र, दोऱ्यासारखे बारीक, डोक्यावर इवल्याशा टोप्या. ग्रुपवर कौतुकच कौतुक. गुपित काय, असं विचारलं एकाने. मी ऐटीत लिहिलं, जीव लावते.
डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. आत्याचा श्वास उथळ झालाय म्हणाल्या, आणि खिडकी उघडी असते ना, असं विचारलं. मी हो म्हणाले. त्या यायच्या आधी मीच उघडली होती. त्या गेल्यावर लावली. आत्या सगळं बघत होती. बोलली नाही. बोलायला दम नव्हता, की मला सांभाळून घेतलं, कोण जाणे.

३० नोव्हेंबर
देठ सरळ वर जायला हवेत. हे वाकलेत, तिन्ही बाटल्यांतले, उशीकडे. बाटल्या फिरवून ठेवल्या. चहा करून आले तर पुन्हा आत्याच्या तोंडाकडे. ती श्वास सोडते तेव्हा थरथरतात, घेते तेव्हा थांबतात. तिने बोटाने खिडकी दाखवली. म्हटलं, उद्या कापणारच आहे, मग उघडते. फक्त उद्यापर्यंत. दगडालाही पाझर फुटतो म्हणतात. मला फुटला नाही.

१ डिसेंबर
दुपारी शिट्टी ऐकू आली. अगदी बारीक. मी फोटो टाकत होते. परत वाजली नाही, तेव्हा झोपली असेल म्हणून गेले नाही.
झोपली नव्हती.

४ डिसेंबर
दादा माझ्या गळ्यात पडून रडला. तू होतीस म्हणून आईचं शेवटी नीट झालं, म्हणाला. खिडकीचं सांगायचं होतं. तोंडच उघडेना. शिट्टी त्याने मलाच दिली. तिचं सामान आवरायला पुढच्या रविवारी येतोय.

६ डिसेंबर
बाटल्या फेकायला गेले. देठ कापायचे राहूनच गेले होते. खोलीत कुणी नाही, तरी देठ हलत होते — खाली, वर, खाली, वर — मग थांबत होते, दोन वाक्यांनंतर ती थांबायची तसे. कान जवळ नेला. आत बारीक धाप होती. आत्याची.
तिचा श्वास आहे यांच्यात. तो कचऱ्यात कसा टाकू? आणि आता खिडकी उघडली तर तोही जाईल.
नाही उघडली.

८ डिसेंबर
देठ कोमेजायला लागले. माझ्यामुळे ती दुसऱ्यांदा जाणार. तिच्या जागी आडवी झाले, तोंड वर करून. लगेच ते ताठ झाले. जीव लावते म्हणून मिरवत होते ना मी? लावला होता — तिचा. आता माझा लावते. जितकं फिटेल तितकं फिटू दे.

१० डिसेंबर
देठ फळीवरून खाली आलेत. उशीवर. गालाला लागतात, गार. उठवत नाही. खिडकी हाताच्या अंतरावर आहे, पण हात — थोड्या वेळाने.

रविवार
दादा आलाय. खाली हाका मारतोय. ओ द्यायला जाते तर ओठांवर देठ — शिट्टी लावली. फुंकली. बारीक. अगदी बारीक.
पावलं दाराशी आली. ऐकलं त्याने. नक्की ऐक—
थांबलाय. फोनवर कुणाला तरी सांगतोय, बिचारी दमली असेल, झोपली असेल, राहू दे —
पावलं परत —
दादा, मी झोपले ना—