दर्यानं ठेवून घेतलेला नारळ

आये, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायचा तर मला आता डोळे मिटावे लागतात. परवा एक पोरगी माझ्या ओटीवर येऊन बसली. कडेवर चार वर्षांचं लेकरू. म्हणाली, "मावशी, तुमच्या आईनं कसं निभावलं हो?" तिचं लेकरू बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, आवाज वाढला की कानांवर हात दाबून किंचाळतं. हल्ली डॉक्टर त्याला स्वमग्न म्हणतात, तसा कागदही होता तिच्या पिशवीत. आपल्या धाकटीला तेव्हा कुणी कागद दिला नाही. गावानं तिला जी नावं दिली ती मी इथे लिहिणार नाही, तेवढी त्यांची लायकी नाही. मी त्या पोरीला चहा दिला आणि म्हटलं, आमच्या आईनं पाटी पालथी घातली. तिला काहीच कळलं नाही. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि ती गेल्यावर तुला लिहायला बसले.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी अकरा वर्षांची, धाकटी सहाची. नारळी पुनवेची दुपार कलली आहे, होड्या रंगवून सजवून उभ्या आहेत. धक्क्यावर ताटात सोनेरी कागदात गुंडाळलेला मानाचा नारळ आहे आणि पाटलांची मिरवणूक अजून वरच्या आळीतच नाचते आहे. तू बायकांबरोबर मिरवणुकीत. मला बजावून गेली होतीस, ढोल जवळ आला की हिला घेऊन घरी जा. मला घरी जायचं नव्हतं. नवीन परकर होता, मैत्रिणी होत्या. ढोल वळणावर आला आणि धाकटी किंचाळायला लागली, स्वतःच्या कपाळावर मुठी मारायला लागली. मैत्रिणी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागल्या. हातात गोल वस्तू दिली की ती शांत होते हे मला ठाऊक होतं. समोर गोल वस्तू एकच होती. मैत्रिणी मिरवणूक बघायला वळल्या तेवढ्यात मी ताटातला नारळ उचलून तिला दिला. ती गप्प झाली, नारळ गालाला लावला, पायऱ्या उतरली आणि तो पाण्यात सोडून दिला; लोकांनी पाहिलं ते तेवढंच. ओहोटीला ओढ होती. बघता बघता नारळ खाडीच्या तोंडाबाहेर गेला. पाटलांनी मग दिवेलागणीला दुसरा नारळ सोडला, त्यामागोमाग घराघरांचे नारळ सुटले.

पुढे पंधरवडाभर जाळी हलकी आली. अशी ती दर दोन-तीन वर्षांनी येतातच, पण या वेळी गावाला कारण सापडलं होतं. देवळासमोर जमातीची पंचायत बसली. ठरलं असं, की पोरीच्या अंगात काही आहे, तिला डोंगराकडच्या भगताकडे पुढच्या पुनवेपर्यंत ठेवायचं. त्याच्याकडून परत आलेल्या एका पोराच्या पोटावरचे डाग आपण सगळ्यांनी पाहिले होते. बाबांनी मान खाली घातली आणि मग ती तशीच हो म्हणून हलवली. बाबा वाईट नव्हते, पण चार लोकांत त्यांचा आवाज घशातच बसायचा. तू मागे बायकांत बसली होतीस, तिथूनच उठलीस.

"दर्याला नारल पोचला न्हाय म्हनता? तुमचे नारल रातच्या भरतीला परत आले. पोरांनी येचून खाल्ले. माजे पोरीचा नारल कुनाला घावला काय? दर्यानं ठेवून घेतला तो."

मागे कुणीतरी हसलं. पाटील म्हणाले, "बाय, हा हसन्याचा इषय न्हाय. जमातीनं ठरवलंय."

"मंग मी पन ठरवलंय. पोर गेली तर मला सुतक. माजी पाटी पालथी."

त्या ओटीवरच्या पोरीला हे समजावून सांगावं लागलं. आपल्याकडे मासळी मारायची पुरुषांनी आणि विकायची बायकांनी. रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या आपल्या गावच्या बायकांत तू पुढे असायचीस. कुठल्या व्यापाऱ्याशी गोड बोलायचं आणि कुणाच्या सात पिढ्या काढायच्या, हे तुलाच ठाऊक. घरात सुतक असलं तरच बाई आपली मासळीची पाटी, डोक्यावरची टोपली, दारात पालथी घालायची, आणि ती पाटी उचलायला कुणी सांगायचं नाही, असा रिवाज. तू जित्या लेकीसाठी पाटी पालथी घातलीस. सकाळी तुझी एकटीची होती. थोड्या वेळानं शेजारची विधवा काकी आली, आपली पाटी तुझ्या पाटीशेजारी पालथी ठेवून गेली. दुपारपर्यंत नऊ झाल्या. पुरुष म्हणाले, त्यात काय, आम्ही जातो विकायला. गेले. वादळात शीड सांभाळणारे बाप्ये मुंबईच्या बाजारात तोंडातून शब्द न काढता उभे राहिले आणि अर्धीअधिक मासळी मऊ पाडून, वाया घालवून संध्याकाळी परत आले. मला अजून हसू येतं, आणि मी ते आवरत नाही. तिसऱ्या दिवशी खुद्द पाटलीणबाई डोक्यावर पाटी घेऊन आपल्या दारात आल्या. त्यांची दहावी पाटी पालथी झाली तशी जमातीची मान लवली. भगताचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्यानंतर जे झालं ते मला त्याहून मोठं वाटतं. ज्या दिवशी जी बाई बाजाराला जाणार नाही, तिच्याजवळ धाकटीनं बसायचं. कुणी तसं ठरवलं नाही, पण ती रीत पडली. बांबूंना दोऱ्या बांधलेल्या वलांडीवर बोंबील सुकायला लावताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरीवर टाकतात. धाकटीला काकीनं ते शिकवलं. लांबीला लांबी जुळली नाही तर ती जोडी टाकायची नाही, दुसऱ्यानं टाकलेली काढून पुन्हा लावायची. बायका कुरकुरायच्या, "हिचे पायी सांज व्हयल," आणि तरी तिच्यापुढे टोपली सरकवायच्या. तुला त्यामुळे बाजाराला जाता आलं, आजारी पडता आलं, एकदा तर हरिहरेश्वरलाही जाऊन येता आलं. नाहीतर अशा लेकराच्या आईला नुसतं दुखणंसुद्धा परवडत नाही. आजही लोक त्या आयांना धीर धर म्हणून सांगतात. धीर त्यांच्यापाशी भरपूर असतो. कुणीतरी दोन तास लेकराजवळ बसायला हवं असतं, तेवढं सोडून सगळं सांगतात.

नारळ मीच दिला होता, हे मी तुला पाट्या उचलल्यावर सांगितलं. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. मला वाटलं, आता उलथनं बसणार. तू मागे न बघता म्हणालीस, "रडत हुती तर रडू द्याचं. तिचं रडनं कुनाला जड झालं? तिला का तुला?" मी म्हटलं, आये, मी गावाला सांगते, तिचा दोष नव्हता. तेव्हा मात्र तू वळलीस. "कुनाला सांगू नको. तिनं आपले मनानं टाकला असता तरी ती हितंच ऱ्हायली असती. दोष न्हाय म्हनून ठेवली न्हाय तिला. माजी हाय म्हनून ठेवली." भाकरी करपली, ती तू स्वतः खाल्लीस.

हे सगळं मी त्या पोरीला ताठ मानेनं सांगितलं. म्हटलं, तुझ्या लेकराला जो बाजूला बसवेल त्याच्या दारात पाटी पालथी घाल, तुझ्याकडे पाटी नसेल तर माझी घेऊन जा. ती हसली, आणि दर बुधवारी लेकराला माझ्याकडे सोडून जायचं कबूल करून गेली.

एक मात्र मी तिला सांगितलं नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे लिहिते. धाकटी आता म्हातारी झाली, माझ्याकडेच असते. गेल्या रविवारी नातीला बघायला पाहुणे आले. मी धाकटीला मागच्या खोलीत बसवलं, हातात स्टीलचा गोल डबा दिला आणि बाहेरून कडी लावली. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं विचारलं, घरात आणखी कोण कोण असतं. मी तोंड उघडण्याआधी नात उठली, मागे गेली, धाकटीचा हात धरून तिला घेऊन आली आणि सगळ्यांसमोर आपल्या शेजारी बसवलं. म्हणाली, ही माझी आजी. पाहुण्यांचा निरोप अजून आलेला नाही. नाही आला तरी नातीला त्याचं काही नाही.

कडी तिनं काढली, आये. मी हातात कपबशी धरून बसून होते.