शीजाचेचीचं वजन

२१ जुलै, रविवार
अख्खी गल्ली आज आमच्या ओसरीवर! माझी थोरली बहीण, शीजाचेची, टीव्हीवर दिसणार म्हणून. विषय — 'जाड असणं हा आजार आहे का?' समोरासमोर दोन बाकं, चेची जाड माणसांच्या बाकावर. काय बोलली! "दिवसभर शिलाई मशीन चालवते मी. माझं अंग मीच उचलते, तुमच्या डोक्यावर नाही ठेवलेलं." टाळ्या! तेवढ्यात समोरचा व्यायामशाळावाला — "ताई, आधी मोठा आरसा घ्या." ओसरी खदाखदा हसली. आमची ओसरी! आमचाच चहा पिऊन!
पडद्यावर चेचीही हसली. पदर मात्र सारखा ओढत होती.

२२ जुलै
फोनवर नुसता उकिरडा. "बसमध्ये हिला दोन तिकिटं लावा." "नवरा दुबईहून परत का येत नाही, ते कळलं." एकेकाला उत्तर दिलं. चेची म्हणाली, "सोड गं विजी. यांच्याशी भांडायला बी.ए. झालीस का?"
हो, त्यासाठीच! घरातली पहिली पदवी काय भिंतीवर टांगायला आहे?

२८ जुलै
अम्मा नवस बोलली. चेची बारीक झाली तर देवळात तिला तराजूत बसवून तिच्या वजनाइतकी केळी वाहायची. चहावाले कुमारेट्टन म्हणतात, "यात देवाचा तोटा गं! आत्ताच बसव, चार घड जास्त मिळतील त्याला."
मी अम्मावर ओरडले. "तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव," म्हणाली. "लोकांची तोंडं मला ऐकावी लागतात."

१५ सप्टेंबर, ओणम
जेवताना सगळ्यांचे डोळे चेचीच्या पानावर. वल्सलामावशी — "पुन्हा पायसम? टीव्हीवाल्यांना कळवू का?" मग स्वतःच, "पण उतरलीस हं! काय करतेस?"
"काही नाही."
"लबाड! आम्हाला सांगायचं नाही होय!"
खरंच उतरली आहे. स्वतःचे ब्लाउज उसवून शिवते. हल्ली दुपारी मशीन सोडून आडवी होते. मावशी म्हणते, उपास करत असेल. चोरून!

६ ऑक्टोबर, रविवार
नको म्हणत होती चेची. मीही. अम्मा रडली, मग गेलो. एका पारड्यात चेची, दुसऱ्यात केळी. किती लवकर उचललं गेलं तिचं पारडं! अम्माने अंदाजाने आणलेले घड उरले. "देवाने ऐकलं!" म्हणत तिने ते तिथेच वाटले. कुमारेट्टननी व्हिडिओ काढला आणि फोनवरून सगळीकडे पाठवला. जुलैत थुंकणारे तेच लोक — "शाब्बास!" "आता कशी माणसात आली!" चीड आली. बाईच्या वजनावर गुण द्यायला यांना बसवलं कुणी?
पारड्यातून उतरताना चेचीने माझा हात धरला. चटका बसावा इतका गरम. वाटेत खोकली आणि म्हणाली, "विजी, मी खरंच काही केलेलं नाही गं. रोजचंच खाते."

९ ऑक्टोबर
क्षय. छातीच्या फोटोत दिसला. औषधं चालू.
डॉक्टरीणबाई आमच्यावर चिडल्या — "इतकं वजन गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?"
अम्मा हळूच म्हणाली, "सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. सगळे खूश होते."