सात नंबरचा मुका धागा

३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं धडधाकट आहोत. अप्पांचा खोकला बसला, डोळे होते तसेच आहेत. तू पोचल्याचा मेसेज मिळाला. फोनच करणार होते, पण तुझा रडका आवाज ऐकला की मी भलतंच काहीतरी बोलून बसते. म्हणून आपली वही घेऊन बसले. अक्षराला हसू नकोस.

पहिलं म्हणजे जेवत जा. चाचणी फसली म्हणून काही आभाळ कोसळलं नाही. आमच्या गिरणीत आजवर किती नव्या गोष्टी आल्या आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या, तुला माहीत नाही. तुटलेले धागे पकडणारा तुझा कॅमेरा अजून सात नंबरच्या मागाच्या पाठीमागे तसाच लटकतोय. मुकादमांनी त्याच्यावर फडकं टाकलंय. येता-जाता मी तिकडे बघत नाही.

तू गेल्यावर इथे काय झालं ते सांगते. चाचणीतला तो चौदा मीटरचा गालिचा विकायचा नाही, दुरुस्त करायचा असं ठरलं. मधोमध पांढरट रेघ, अगदी भांग पाडल्यासारखी. रफूवाल्या मावशी एकट्या किती पुऱ्या पडणार? पाळी संपली की मीही त्यांच्या शेजारी सुई घेऊन बसते. एक एक टाका भरायचा, कातरीने वरून सारखा करायचा. मावशी परवा म्हणाल्या, "अगं, तू तर तुटलेला धागा शोधून दिलास. ही शिक्षा तुला कशाला?" मी म्हटलं, "घरी जाऊन तरी काय करू, अप्पांचा रेडिओच ऐकायचा ना." त्या हसल्या. विषय संपला.

मालकांनी सगळ्यांना मागांपाशी बोलावून माझं नाव घेतलं बरं का. म्हणाले, "यंत्र डोळे फाडून बसलं होतं आणि दिसलं ते हिला. शेवटी माणसाची नजर ती माणसाची नजर." टाळ्या वाजल्या. बावीस वर्षांत माझ्यासाठी त्या शेडमध्ये टाळ्या वाजल्या नव्हत्या. तुला वाईट वाटेल, पण खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

तुझ्या वरिष्ठांनी काय म्हटलं ते कळव. फार मनाला लावून घेऊ नकोस. अप्पा तुझी आठवण काढतात. दिवसातून चारदा काढतात.

तुझी,
ताई

१४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस आणि चारही पानांवर तोच प्रश्न, "ताई, तुला त्या दिवशी काही वेगळं दिसलं का?" मला काय दिसणार? मी माझं काम करत होते. धागा तुटलेला दिसला, गाठ मारली, माग सुरू केला. मुकादमांना विचार, मालकांना विचार. सगळ्यांना सोडून माझ्याच मागे का लागलीस?

तू लिहितेस की त्या दुपारची सगळी चित्रं तू पुन्हा पुन्हा बघितलीस, आणि प्रत्येक चित्रात दोन हजारच्या दोन हजार धागे जागेवर आहेत. रेघ पडली तिथलाही धागा आहे, ताठ, सरळ. मग यंत्राने काय ओळखायचं, असं म्हणतेस. आता ते मी कसं सांगू? मी काय तुझ्यासारखी शिकलेली आहे?

हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. मलाही आला आहे, आणि तो आजचा नाही.

तू पंधरा दिवस माझ्यामागे स्टूल टाकून बसली होतीस. ताई, धागा ढिला पडतो तो कसा दिसतो? ताई, रीळ संपत आलं हे तुला आधीच कसं कळतं? मी बोलायची आणि तू टिपून घ्यायचीस. बावीस वर्षं लागली गं मला ते शिकायला. पाठ मोडली, कान गेले, चष्मा लागला. तू ते पंधरा दिवसांत एका डब्यात भरलंस, वर तुझ्या कंपनीचं नाव चिकटवलंस, आणि मला म्हणालीस, "ताई, आता तुला उभं राहायला नको, तू आरामात बस." कोणी मागितला होता आराम?

मला कोणी गिरणीत ढकललं नव्हतं, हे तुलाही ठाऊक आहे. शाळा मीच सोडली. मला अप्पांसारखं व्हायचं होतं. ते शेडमध्ये शिरले की त्यांची मान ज्या मागाकडे वळायची तिथे धागा तुटलेला असायचाच. मी त्यांच्या हाताखाली गाठ शिकले. दोन बोटांत, माग न थांबवता. त्यांनी मला कधी वाईट म्हटलं नाही आणि चांगलंही म्हटलं नाही. मी समजायचे, त्यांचा स्वभावच तसा. तोंडातून कौतुक निघत नाही, काय करणार.

तर तो स्वभाव नव्हता.

चाचणीच्या सकाळी मुकादमांनी कातर घेऊन अकरा ठिकाणी धागे कापले आणि अकराही वेळा माग वीतभर विणायच्या आत थांबला. मग अप्पांनी सगळ्यांसमोर तुझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "पोरी, माझे डोळे गेले, पण तू नवे केलेस." मी तीन हातांवर उभी होते. चहाचे कप गोळा करत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले. आता खोडत नाही.

महिनाअखेर कागदावर सही करणार म्हणतेस, की दोष यंत्राचा आणि जबाबदारी तुझी. त्यानंतर तुला टेबलाशी बसवून दुसऱ्यांची बिलं तपासायला देतील. टेबलाचं कामही कामच असतं. पंखा असतो, खुर्ची असते.

जास्त काही लिहीत नाही. डोकं दुखतंय.

ताई

२१ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद वगैरे शेवटी, तुला हवे असले तर. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस. आणि पूर्ण वाच.

धागा मी तोडला.

मुका धागा काय असतो ते तुला माहीत नाही. माहीत असतं तर चित्रं बघताच तू ओळखलं असतंस. पूर्वी पाळी संपत आली आणि धागा तुटला, तर माग कोण थांबवणार, पुढच्या पाळीवाला बघेल म्हणून कामगार एक लबाडी करायचे. रिळाकडून आलेलं टोक फणीच्या अलीकडे चौकटीच्या आडव्या नळीला ताणून बांधून टाकायचं. लांबून मुकादमांना सगळे धागे जागेवर दिसायचे. तो धागा उभा असतो, पण मागात जात नाही. रेघ पडली तर पडली, पुढच्याच्या नावावर. अप्पांनी मुकादम असताना ते बंद केलं. एकाला त्यासाठी कामावरून काढलंही. आता शेडमध्ये ही गोष्ट माहीत असलेली मीच उरले.

तुझा कॅमेरा धागा जागेवर आहे का तेवढंच बघतो, पुढे सरकतोय का ते नाही. हे मला तू स्टुलावर बसलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी कळलं. तू विचारलंस, "ताई, धागा तुटूनही तुटल्यासारखा दिसत नाही, असं कधी होतं का?" माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "नाही बाई, तुटला की दिसतोच." चूक तिथून सुरू झाली. तेव्हा माझ्या मनात काही करायचं नव्हतं, देवाशप्पथ. एवढंच वाटलं की एक तरी गोष्ट माझ्याकडे राहू दे.

मग अप्पांचा तो हात. दुपारी माग आणि कॅमेरा बंद होते; चाचणी बघायला आलेले पाहुणे जेवायला गेले, तू त्यांच्याबरोबर गेलीस. मी सात नंबरच्या मागे गेले, मधला एक धागा कापला आणि नळीला बांधला. अर्ध्या मिनिटाचंही काम नाही. माग पुन्हा सुरू झाला आणि चौदा मीटर होईपर्यंत मी समोर उभी राहून रेघ वाढताना बघितली. तुझा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. मला किती आनंद झाला होता हे तुला सांगितलंच पाहिजे, कारण तो खराखुरा आनंद होता. शेवटी मीच ओरडले, "अरे, थांबवा, धागा गेलाय!" पळत मागे गेले, मुका धागा कापून घेतला, खिशात टाकला, खरी गाठ मारली. सगळे धावत आले तेव्हा माझा हात गाठीवर होता. तुझा चेहरा मी बघितला. पांढरा पडला होता. तरी मी गप्प बसले.

मंगळवारी अप्पा किल्ली शोधत होते. माझा कामाचा अंगरखा खुंटीवर होता, त्याच्या खिशात हात घातला. मी भाकरी थापत होते. बाहेर आले तर ते खाटेवर बसलेले आणि बोटात तो धाग्याचा वेढा, गाठीसकट. कापून घेतलेला तो तुकडा मी टाकलाच नव्हता. का नाही टाकला, मलाच कळत नाही.

"मोठे," ते म्हणाले, "या वेढ्याएवढ्या जाडीची नळी मागाच्या पाठच्या चौकटीलाच असते."

मी पिठाचे हात पुसत उभी राहिले.

"आणि ही गाठ तुझी आहे."

मी म्हटलं, "कशावरून? शेडमध्ये चाळीस जण गाठी मारतात."

त्यांनी तो वेढा अंगठ्याने चाचपला. मग म्हणाले, "चाळीस जणांच्या गाठी बोटाला लागतात. तुझी लागत नाही. मला कधी अशी जमली नाही. पहिल्या वर्षीच तू माझ्या पुढे गेलीस."

भिंगरी, बावीस वर्षं मी ज्यासाठी थांबले ते वाक्य मला असं मिळालं. मी तिथेच जमिनीवर बसले. मी विचारलं, "मग कधी बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "धाकटीला कोणीतरी सांगावं लागतं. तिला भीती वाटते. तुला कधी कशाची भीती वाटलेली मी बघितली नाही."

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. भाकरी मात्र खाल्ली नाही. आज चौथा दिवस, ते शेजाऱ्यांकडे जेवतात.

काल मी मुकादमांना सांगितलं. ते दोनदा म्हणाले, "थट्टा करतेस का?" मग खुर्चीत बसले. मालक दौऱ्यावर आहेत, सोमवारी येतील. मुकादमांचं म्हणणं असं, की गप्प राहा, गालिचा दुरुस्त झाला, पोरगी तरुण आहे, तिला दुसरं काम मिळेल, तुला या वयात कोण घेणार? माझ्या भल्यासाठीच बोलले बिचारे. आठ दिवसांपूर्वी मी त्यांचं ऐकलं असतं.

तेव्हा तू त्या कागदावर सही करू नकोस. त्याऐवजी हे पत्र तुझ्या वरिष्ठांना दे. सोमवारी मालकांपुढे मी हेच तोंडी सांगणार आहे, पण ते मला पाठीशी घालतील अशी भीती वाटते. टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या. म्हणून हे लेखी. यातलं मत्सराचं पान काढून घ्यावं आणि नुसती धाग्याची हकिकत पाठवावी, असं दोनदा मनात आलं. पण मग कोणी विचारलं असतं, हिने असं का केलं, आणि लोकांनी समजूत करून घेतली असती की बिचारीला नोकरी जायची भीती वाटली असेल. तसं नव्हतं. नोकरीचा विचार माझ्या मनात आलाही नव्हता. मी तुझ्यावर जळत होते, तेवढंच कारण.

यंत्राला एक गोष्ट शिकव. धागा दिसतो का एवढंच बघू नये, तो पुढे जातोय का तेही बघावं. चालत्या धाग्यावरची लव थरथरते. मुक्या धाग्यावरची स्थिर असते, दिवा बाजूने धरला तर दिसते. एवढं एकच मी तुझ्यापासून लपवलं होतं. आता माझ्याकडे काही उरलं नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते आत्ता मागणं म्हणजे तुझ्यावर आणखी एक काम लादणं. हे सगळं लिहून माझा मत्सर गेला, असंही समजू नकोस. उद्या तुझं यंत्र चाललं आणि अप्पांनी पुन्हा तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तर माझ्या पोटात पुन्हा दुखेल. फक्त त्या वेळी मी कातर हातात घेणार नाही.

वरचा सगळा मजकूर खरा आहे आणि माझ्या हातचा आहे.

सही,
माग क्रमांक सातवरची कामगार,
जिने धागा तोडला,
आणि तू म्हणशील तोवर तुझी ताई