गुंड्याला मारलेली हाक

चारकोप, सेक्टर आठ
१० ऑगस्ट, रविवार

चि. अक्षूस,
आईचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा दुखतो तो दुखतोच. तू नीट जेवतेस का? त्या पुण्याच्या डब्यात काय असतं ते मला माहीत आहे, पाण्यात बुडालेली डाळ. माझ्या अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर वाण्याची यादी सोडून मी काही लिहिलेलं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू मध्ये बोलतेस, मग मी ओरडते, मग तू कट करतेस. कागद बरा.

गणपतीला येते म्हणालीस ते शेजारच्या शीतलला लगेच सांगून आले. पडदे धुतले. तुझ्या कॉटवर मी डबे रचले होते ते हलवले. गॅलरीतला पिंजरा भंगारवाल्याला दिला.

तू त्या पक्षी सोडवणाऱ्या लोकांना फोन करून गुंड्याला न्यायला लावलंस तेव्हा मी तुला काय काय बोलले ते दोघींना पाठ आहे, परत लिहीत नाही. तू पण काही कमी नव्हतीस. "तो झाडावर बसेल तेव्हाच या घरात पाय ठेवीन" म्हणालीस आणि बॅग उचललीस. तुझे बाबा गेल्यावर घरात मी, तू आणि तो पोपट. एका दिवसात दोघं गेलात.

दुसऱ्याच दिवशी मी त्या पक्ष्यांच्या केंद्रात भांडायला गेले. तिथे डॉक्टर माधुरी म्हणून एक बाई आहे, तुझ्याहून थोडी मोठी.

"माझा पोपट द्या," म्हटलं.

"मावशी, तुमचा कसा? तो जंगलाचा."

"जंगलाने त्याला इतकी वर्षं मिरच्या घातल्या काय?"

ती हसली. म्हणाली, "घरी न्यायचा असेल तर मिळणार नाही. उडवायचा असेल तर हे पेरू घ्या, चिरा."

मी चिरले. मग रोजच जायला लागले. तिथे मोठी जाळीची खोली आहे. त्या खोलीजवळ तोंड उघडायचं नाही. खाणं हिरव्या कापडाआडून आत सरकवायचं, आपला हात दिसता कामा नये. माणसाची सवय सुटली तरच ही पाखरं बाहेर जगतात. मी आणि गप्प! पण राहिले गं. कापडाला एक भोक होतं, त्यातून बघायची. त्याची कापलेली पिसं गळली, नवी आली. आधी दगडासारखा खाली पडायचा. मग या काठीवरून त्या काठीवर जायला लागला. बाकीच्या पोपटांशी भांडायला शिकला, तेव्हा मला बरं वाटलं. आपल्याच घरातला वाटला.

मग सगळ्यांना आरेच्या जंगलात सोडलं, तो व्हिडिओ तुला पाठवला. तू लाल बदाम पाठवलास आणि लिहिलंस, गणपतीला येते.

आता पुढचं. हे लिहायच्या आधी दोनदा उठून चहा करून झाला.

सोडायच्या आधी त्यांची परीक्षा असते. ज्याने पाळला त्याने जाळीशी उभं राहायचं आणि घरच्यासारखी हाक मारायची. पाखरू खाली आलं तर नापास. मग त्याला सोडत नाहीत, अजून ठेवतात. घरी मी त्याला कशी बोलवायची ते तुला माहीत आहे. "गुंड्या, मेल्या, ये हयसर!" आणि तो दाराशी येऊन चोच आपटायचा.

मी त्या दिवशी "मिठू, मिठू" म्हटलं. बारीक आवाजात. मला इतकं गोड बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. त्याने मान तिरकी करून बघितलं आणि पेरू खात बसला. डॉक्टर म्हणाली, "वा मावशी, विसरला तुम्हाला!"

मी मान हलवली. खरी हाक मारली असती तर धावत आला असता, मला माहीत होतं. मग त्यांनी किती दिवस ठेवला असता, आणि तू कधी आली असतीस? मला घाई झाली. मला सगळ्याचीच घाई.

मागच्या आठवड्यात केंद्रातून फोन आला. आरेत तबेल्यापाशी एक बाई दारात भाकऱ्या भाजत होती. कुणावर तरी ओरडत होती म्हणे, जोरात. हा झाडावरून सरळ तिच्या पुढ्यात उतरला. तिने तुकडा टाकला. तो खात असताना कुत्रा आला. हा उडाला नाही अक्षू. तिच्या पदरात शिरायला गेला. तिला काही कळायच्या आत कुत्र्याने धरला, संपलं. पायातली केंद्राची कडी बघून तिने कुणालातरी विचारलं आणि केंद्राला कळवलं.

मी जाऊन डॉक्टरला सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढला, बराच वेळ पुसत बसली. म्हणाली, "मावशी, थोडं थांबलो असतो तर सुटला असता तो." आणि मग, "उद्यापासून येऊ नका." बरोबर बोलली.

शीतल म्हणते, "पोरीला कशाला सांगतेस? ती काय झाडावर चढून बघणार आहे?" खरंय तिचं. तू आली असतीस, मोदक खाल्ले असतेस, दोन दिवस हसली असतीस. मला ते हवं होतं गं, खूप हवं होतं. पण आरेतून बस जाताना तू खिडकीतून झाडांकडे बघितलं असतंस, "आई, यातला कुठला असेल?" म्हणाली असतीस. मी बाजूला बसून काय बोलले असते?

तू म्हणालेलीस, झाडावर बसेल तेव्हा. बसला होता, थोडे दिवस. ते धरायचं की नाही ते तू ठरव, मी वाद घालणार नाही. तिकीट काढलं असशील तर त्याचंही तूच बघ.

दार उघडं ठेवते असलं काही लिहीत नाही, आपल्या सेक्टरात चोऱ्या होतात. आलीस तर बेल वाजव. मी आता दिवसभर घरीच असते.

रागावलीस तरी तुझीच,
आई