बंद घराचा कचरा

प्रिय धाकट्या,

नाक मुरडू नकोस, पण हे सगळं पत्र कचऱ्याबद्दल आहे. नगरपालिकेचे कचऱ्याचे जुने नियम बदलायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. ओला-सुका वेगळा, अंगणातला पालापाचोळा गोणीत, फांद्या हातभर तोडून जुडी बांधलेल्या. तुझे भावोजी म्हणतात, घरात हिचं कोणी ऐकत नाही, म्हणून गावाला शिस्त लावायला निघालीय.

टेबलाशी बसून नियम सुचत नाहीत, म्हणून मी कचरागाडीत ड्रायव्हरशेजारी बसून गल्ल्या पालथ्या घातल्या. काय मजा असते सांगू! कोणाकडे पाहुणे आलेत, कोणी डाएट धरलंय आणि कोणी सोडलंय, सगळं पिशवीवरून कळतं. मग गाडी आपल्या गल्लीत वळली, बाबांच्या दाराशी थांबली आणि लगेच शेजारी, तुझ्या दाराशीही थांबली. मी म्हटलं, अहो, हे घर दोन वर्षं बंद आहे. ड्रायव्हर म्हणाला, बंद कसलं मॅडम, दर आठवड्याला कचरा असतो की इथं. खरंच, फाटकाशी पाल्याच्या दोन गोण्या उभ्या होत्या.

आधी मला हसूच आलं. तुझ्या झाडाची पानं बाबांच्या अंगणात पडतात, यावरूनच तर तुमचं वाजलं. शब्दाला शब्द वाढला आणि तू बदली मागून, घराला कुलूप ठोकून गेलास. मला वाटलं, बाबा अजून हट्टाला पेटलेत, ज्याचा पाला त्याच्या दारात! पण गोण्यांमागे एक छोटी पिशवी होती, आणि माझा चोंबडेपणा तुला ठाऊक आहे. उघडली. आत चहाचा चोथा, बटाट्याची सालं आणि बाबांच्या गुडघ्याच्या मलमाची पिळून पिळून संपवलेली ट्यूब. भांडणात माणूस पाला परत करील रे, पण आपली बटाट्याची सालं दुसऱ्याला कशाला देईल?

संध्याकाळी त्यांनाच विचारलं. आधी म्हणाले, लोकांच्या कचऱ्यात नाक खुपसायचा पगार मिळतो का तुला? मग चष्मा पुसत पुसत सांगू लागले. गाडी ज्या दाराशी थांबते ते घर चालू, जिथं थांबत नाही ते पडीक, असं त्यांचं गणित आहे. कोपऱ्यावरचं घर आधी गाडीनं सोडलं, मग पोस्टमननं, मग सगळ्यांनीच. म्हणून एकट्या माणसाचा एवढासा कचरा ते दोन पिशव्यांत वाटतात, एक त्यांच्या दारात, एक तुझ्या. मला भरून आलं, आणि रागही आला, तुमचा दोघांचाही.

आता खरं कारण सांगते. बंद घरापुढे गाडी थांबणार नाही आणि एका घरचा कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवता येणार नाही, हे कलम नव्या नियमांत मीच घातलंय. पुढच्या महिन्यात ते लागू होईल. कलम बरोबर आहे. बाबांसाठी बदललं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. पण त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा तूच ये. किती दिवसांसाठी ते तुझं तू ठरव. कुलूप काढ, दोन कप चहा कर, बाबांना हाक मार, आणि चोथा तुझ्या हातानं तुझ्या दाराबाहेर ठेव.

तुझीच,
चोंबडी ताई